शेण चुलीत घालायचं की शेतात? आधी उकिरड्याकडे बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं : माळशिरस तालुक्यात चार एकर, त्यातला दोन एकर ऊस. दावणीला दोन संकरित गायी, एक म्हैस आणि बैलजोडी. तुमच्या आई रोज पाटीभर शेणाच्या शेणी थापतात, पाणी तापवायला आणि भाकरीला. वडील म्हणतात, शेण जाळणं म्हणजे सोनं जाळणं. त्यातच गेल्या वर्षी उकिरडा उपसून उसाला घातला आणि हुमणीनं, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीनं, ऊस वाळला. आता तुम्ही विचारताय की शेणी बंद कराव्यात का, आणि गोबरगॅस बांधला तर घरातलं भांडण मिटेल का.

मी तीसेक वर्षं गोबरगॅस बांधतोय. सुरुवात गवंडी म्हणून झाली. पुढं बांधण्यापेक्षा बंद पडलेले चालू करण्याचीच कामं जास्त आली, आणि शिकायला मिळालं ते त्यातच. स्वतःच्या गोठ्यात चार जनावरं आहेत. त्यामुळं सांगतो ते शेणात हात घालून बघितलेलं आहे.

माझ्या मते तुमच्या घरातलं भांडण चुकीच्या जागी चाललंय. जरा हिशेब मांडू. संकरित गाय जागेवर खाऊन दिवसाला वीसेक किलो शेण टाकते, म्हैस पंधरा. बैल दहा-बारा, पण ते कामावर असले की निम्मं शेण रानात पडतं. म्हणजे हाताला लागणारं शेण साधारण साठ-पासष्ट किलो. आईंची पाटी पंधरा किलोची धरा. चौथा हिस्सा चुलीत जातो. उरलेले तीन हिस्से उकिरड्यावर जातात, आणि तिथं आठ-दहा महिने ऊनपावसात पडून असतात. वडिलांना जळणाऱ्या पाटीचा धूर दिसतो. उकिरड्यावरून उडून जाणारं कुणालाच दिसत नाही.

उघड्या ढिगातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. उन्हाळ्यात उकिरड्याजवळ गेल्यावर नाकाला झोंबतो तो वास त्याचाच. पावसाळ्यात ढिगाखालून चहासारखं तपकिरी पाणी वाहतं, त्यात उरलंसुरलं नत्र आणि पालाश ओढ्याला जातं. अशा ढिगातून निम्म्यापर्यंत नत्र गमावलं जाऊ शकतं. आईंच्या शेणींपेक्षा हे नुकसान मोठं आहे, आणि ते थांबवायला गोबरगॅसही लागत नाही.

दुसरं नुकसान मुताचं. ताज्या शेणात नत्र ०.३ ते ०.४ टक्के असतं, मुतात एक टक्क्याच्या आसपास. जनावर जेवढं नत्र बाहेर टाकतं, त्यातलं निम्म्याच्या जवळपास मुतात असतं आणि पालाश तर बहुतेक सगळाच. ते तुमच्या गोठ्यात कुठं जातं? बहुधा फरशीवरून मोरीत, मोरीतून रस्त्यावर. आमच्या आजोबांच्या वेळी गोठ्यात माती असायची. जनावराखालची ओली माती आठवड्याला खरडून खतात जायची आणि नवी कोरडी माती पसरली जायची. फरशी आली, गोठा स्वच्छ झाला, आणि निम्मं खत गेलं. फरशी उखडा असं म्हणत नाही. जनावराखाली उसाचं पाचट किंवा गव्हाणीतली उष्टी वैरण पसरा, तीन-चार दिवसांनी भिजलेली काढून खड्ड्यात टाका. पाचट तुमच्याकडं फुकटचं आहे. ते पेटवून देत असाल तर वडिलांना सांगा, सोनं तिथंही जळतंय.

आता सोन्याबद्दलही खरं बोलू. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात. म्हणजे टनाला पाच किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असतं. चार टन शेणखत म्हणजे नत्राच्या हिशेबानं युरियाची एक गोणी, आणि तीही पहिल्या वर्षी पुरती पिकाला मिळत नाही. नुसता नत्राचा हिशेब केला तर शेणखत वाहून नेणंसुद्धा परवडत नाही. त्याची किंमत वेगळ्या कारणासाठी आहे. जमीन भुसभुशीत राहते, पाणी धरते, गांडुळं येतात, स्फुरद-पालाशाबरोबर जस्त-लोहही थोडं थोडं मिळतं, आणि घातलेला युरिया वाया कमी जातो. हा फायदा तीन-चार वर्षांनी कळतो, एका हंगामात नाही. म्हणून तुमच्याकडचं आठ-दहा टन खत चार एकरावर मिठासारखं भुरभुरवू नका. दर वर्षी दीड-दोन एकर धरा, तिथं एकरी पाच टन घाला, पुढच्या वर्षी दुसरा तुकडा.

जळण म्हणून शेणाचा हिशेब काय? पाच किलो ओल्या शेणाची वाळून साधारण एक किलो शेणी होते, बाकी पाणी. किलोभर शेणीत दोन हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते, पण साध्या चुलीवर त्यातली दहा टक्केच भांड्याला लागते. म्हणजे पंचवीस किलो शेणातून पदरात पडते हजारभर. तेच पंचवीस किलो शेण गोबरगॅसमध्ये घातलं तर एक घनमीटर गॅस मिळतो. त्यात ४७०० किलोकॅलरी, आणि गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून जास्त कामी येते. म्हणजे अडीच पट उष्णता, वर टाकीतून बाहेर येणारा पातळ काला, म्हणजे स्लरी, खताला शिल्लक. चुलीतून शिल्लक राहते ती राख. राखेत पालाश, स्फुरद, चुना असतो, तेव्हा शेण जाळलं की सगळंच गेलं हेही खरं नाही. नत्र आणि सेंद्रिय कर्ब मात्र जातो. एक सांगून ठेवतो : चुलीची राख ओल्या शेणाच्या ढिगावर फेकू नका. राखेच्या खारेपणानं अमोनिया आणखी उडतो. ती वेगळी साठवा आणि परसातल्या भाज्यांना थेट द्या. हे मी कितीतरी घरी सांगितलं, आणि सकाळी झाडलोट झाली की राख पुन्हा उकिरड्यावरच दिसते.

तरी आईंच्या शेणी एकदम बंद करायच्या बाजूचा मी नाही. सिलिंडर घरी आहे असं तुम्ही लिहिलंय, पण आंघोळीचं पाणी त्यावर तापवणं परवडत नाही म्हणून चूल पेटते. शिवाय शेणी ही साठवता येणारी वस्तू आहे. पावसाळ्याआधी रचून, वरून लिंपून ठेवलेला हुडवा म्हणजे घरातल्या बाईच्या हातातली ठेव असते, तिच्यासाठी कुणाकडं पैसे मागावे लागत नाहीत. ती ठेव मोडायची तर बदल्यात काहीतरी खात्रीचं द्यावं लागतं. बंद पडलेल्या गोबरगॅसच्या शेजारी पुन्हा थापलेल्या शेणी मी इतक्या ठिकाणी बघितल्यात की ‘शेण जाळू नका’ असं उपदेशानं सांगणं मी सोडून दिलंय. धुराचं मात्र सांगतो. शेणीचा धूर लाकडापेक्षाही वाईट, डोळे आणि छाती दोन्ही खातो. चूल आतल्या खोलीत असेल तर गोबरगॅसचा निर्णय होईपर्यंत ती निदान ओट्यावर, उघड्यावर आणा.

आता गोबरगॅस. उत्तर ‘हो’ आहे, पण तीन गोष्टींवर अवलंबून.

पहिली, जनावरं टिकणार का? दोन घनमीटरच्या, म्हणजे दिवसाला तेवढा गॅस देणाऱ्या, गोबरगॅसला रोज पन्नास किलो शेण लागतं. आज तुमच्याकडं साठ आहे. पण बैलजोडी आणखी किती वर्षं ठेवणार? ट्रॅक्टर आला की बैल जातात. माझी स्वतःची चूक सांगतो. गोठ्यात नऊ जनावरं होती तेव्हा हौसेनं चार घनमीटरचा बांधला. दोन वर्षांत दुष्काळ पडला, चारा मिळेना, पाच जनावरं विकली. मोठ्या टाकीत थोडं शेण घातल्यावर गॅसचा दाब इतका कमी यायचा की चहासुद्धा धड होईना. शेवटी तो बुजवून लहान बांधला. म्हणून बैल धरू नका, बैल सोडून हिशेब करा. तुमच्या दोन गायी आणि म्हशीचं पंचावन्न किलो होतं, म्हणजे दोन घनमीटर जेमतेम बसतो. त्यातली एक जरी गाय विकायचा विचार असेल तर एक घनमीटरचाच बांधा.

दुसरी, पाणी. शेणाएवढंच पाणी कालवावं लागतं, म्हणजे रोज पन्नास लिटर. मार्च ते जूनमध्ये तुमच्या विहिरीला पाणी असतं का हे तुम्हीच जाणता. गोठा धुतलेलं पाणी चालतं, मूतही चालतं. फिनेल चालत नाही. एका घरी सगळं बांधकाम चोख होतं, शेण वेळेवर पडत होतं, तरी गॅस येईना. मी दोन फेऱ्या मारल्या, नळ्या तपासल्या, काही सापडेना. तिसऱ्यांदा सकाळी लवकर गेलो तर घरातली सून फिनेल टाकून गोठा धूत होती आणि ते पाणी थेट शेण कालवायच्या कुंडीत जात होतं. टाकीत गॅस तयार करणारे जिवाणू असतात, ते त्यानं मरतात. साबणाचं पाणीही त्यांना सोसत नाही.

तिसरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही, ती स्लरीची. रोज शंभर लिटर काला आत गेला की जवळपास तेवढीच स्लरी बाहेर येते. शेण पाटीनं उचलता येतं, स्लरी येत नाही. ती कुठं जाणार, कोण नेणार, याचा विचार बांधण्याआधी केला नाही तर महिन्याभरात अंगणात डबकं होतं, डास होतात, आणि घरचेच म्हणतात की बंद करा हे. गोबरगॅस बंद पडण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कारण हेच, बांधकाम नव्हे. उपाय साधा आहे. बाहेर येणाऱ्या तोंडाशी तीन फूट खोलीचे दोन खड्डे. त्यात पाचट, पालापाचोळा, उष्टी वैरण भरत राहायची आणि स्लरी त्यावर पसरू द्यायची. पाचट ती शोषून घेतं आणि स्वतः लवकर कुजतं. एक भरला की दुसरा. स्लरी नुसती उन्हात वाळवू नका, तिच्यातलं पटकन मिळणारं नत्र वाळताना उडून जातं. पाटपाण्याबरोबर थेट उसाला सोडता आली तर सर्वांत उत्तम. त्यासाठी गोबरगॅस गोठ्याच्या खालच्या अंगाला आणि पाटाच्या वरच्या अंगाला हवा.

प्रकार कुठला, असं पुढं विचारालच. १९५०च्या दशकात जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचा संच केला, त्यातून खादी आयोगाचा लोखंडी तरंगत्या टाकीचा संच आला. त्याला दाब एकसारखा मिळतो, पण टाकी गंजते. १९८४मध्ये आलेला ‘दीनबंधु’ जमिनीखालचा, विटांच्या घुमटाचा. त्यात गंजण्यासारखं काही नाही, पण घुमटाच्या आतल्या गिलाव्याला केसाएवढी भेग गेली तरी गॅस निसटतो, म्हणून गवंडी त्यातला जाणकार हवा. मी तुमच्या जागी दीनबंधुच घेईन. तयार प्लॅस्टिकचे, फुग्याचे संचही मिळतात. लवकर बसतात, पण ऊन आणि उंदीर त्यांचे वैरी. संडास जोडायचा की नाही हे घरच्यांच्या मनावर सोडा. कोकणातले गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचं खत करायची वाट घालून दिली त्याला किती वर्षं झाली, तरी मन तयार नसेल तर तो गॅस वापरला जात नाही, हा माझा अनुभव. अनुदान असतं, आकडे बदलत राहतात. बांधकामाला हात घालायच्या आधी पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारून घ्या, नंतर नाही.

गॅस किती मिळेल याची अपेक्षाही आधीच बेताची ठेवा. एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण ०.४३ किलो सिलिंडरचा गॅस. दोन घनमीटरचे महिन्याला कागदावर पावणेदोन सिलिंडर होतात. मी लोकांना एक ते सव्वा सांगतो. डिसेंबर-जानेवारीत आणखी कमी, कारण टाकीला ऊब लागते, पस्तीस अंशांच्या आसपास ती खुशीत असते. पाच-सहा माणसांचा स्वयंपाक निघतो. सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी त्यातच तापवायचं म्हटलं तर पुरत नाही. म्हणजे जळणासाठी आईंची पाव पाटी शेण तरी राहणारच, आणि ते राहू द्या. बंबापुरत्या शेणी, भाकरीला गॅस. शेण जेमतेम असल्यामुळं ही पाव पाटी टाकीतून काढू नका, बैलांचं शेण त्यासाठी ठेवा.

पहिल्या भरणीला दोन टनांच्या आसपास शेण लागतं. शेजारपाजारचं आणून महिनाभरात भरतात. चालू गोबरगॅसमधली दोन-चार बादल्या स्लरी विरजण म्हणून घाला, दह्यासारखंच काम करते. पहिला गॅस पेटत नाही, तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. घाबरू नका, सोडून द्या. पुढं ज्योत फडफडायला लागली की नळीत पाणी साचलंय असं समजा, उताराच्या तळाशी पाणी काढायची तोटी त्यासाठीच असते. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला बजावा : टाकी उपसायची किंवा दुरुस्त करायची वेळ आली तरी कुणीही आत उतरायचं नाही. रिकामी दिसणारी टाकीसुद्धा. आत श्वास घेण्याजोगी हवा नसते आणि माणूस ओरडायच्या आत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. ते काम साधनं असलेल्या माणसाचं.

आता हुमणी. उकिरड्यात सापडलेली प्रत्येक पांढरी, वाकडी, जाड अळी हुमणी नसते. अळी सपाट जागेवर ठेवून बघा. पाठीवर पडून, पाय वर करून सरकत असेल तर ती फुलभुंग्याची, कुजकं खाते, उसाच्या मुळाला लागत नाही. अंगठ्याएवढी जाड असेल तर बहुधा गेंड्या भुंग्याची. ती नारळवाल्यांची डोकेदुखी, तुमची नाही. खरी हुमणी वळवाच्या पावसानंतर येते. मे-जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर पाला खायला बसतात आणि मग जमिनीत अंडी घालतात. अर्धवट कुजलेलं शेण घातलेली जमीन त्यांना मानवते, आणि कधी अळ्या खताबरोबरच शेतात जातात. म्हणजे तुमच्या खताचा दोष असू शकतो, पण कच्चेपणाचा. बांधावरचे कडुलिंब त्या आठवड्यात रात्री आठच्या सुमारास हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. शेजाऱ्यांनीही केलं तरच उपयोग, नाहीतर त्यांचे तुमच्याकडं येतात. हुमणीला मारणारी मेटाऱ्हायझियम बुरशी कुजलेल्या खतात मिसळून ओलाव्यावर द्या. स्लरीतून हुमणी येत नाही, तणाचं बीही बहुतांशी मेलेलं असतं. गोबरगॅसचा हा फायदा मला गॅसपेक्षा मोठा वाटतो.

गोबरगॅस होईपर्यंत, किंवा नाहीच झाला तरी, खत नीट कुजवा. झाडाच्या सावलीत, पाणी न तुंबणाऱ्या उंचवट्यावर तीन फुटांचा खड्डा किंवा ढीग. शेण आणि पाचट थराथरानं. मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसावी, पाणी गळू नये. आठवड्याभरात आतून तापतो. लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढा, हातात धरवत नसेल तर ठीक चाललंय. महिन्यानं एकदा वरखाली करा, पावसाळ्याआधी शेणमातीनं लिंपा किंवा ताडपत्री टाका. खत झालं हे कसं ओळखायचं? थंड पडतं, शेणाचा वास जातो, चहापत्तीसारखं हातातून गळतं. शेण कमी आणि काडीकचरा जास्त असेल तर पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी बघा, जाळीदार विटांची, दहा बाय सहा फूट आणि तीन फूट उंच. शंभरेक किलो शेणात टाकीभर कचरा कुजतो. मेंढपाळ तुमच्या रानाजवळून जाताना दोन रात्री मेंढ्या बसवून घेता आल्या तर तेही करा. लेंडी आणि मूत जागच्या जागी पडतं, वाहतुकीचा खर्च नाही.

थोडक्यात क्रम असा ठेवा : या आठवड्यात जनावराखाली पाचट, या महिन्यात उकिरडा सावलीला आणि झाकून, मग गोबरगॅस. पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही, आणि वडिलांना हवं ते त्यातूनच मिळतं.

गोबरगॅसचा आकार मात्र माझ्या अंदाजावर ठरवू नका. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ शेण वजनकाट्यावर तोला, बैलांचं वेगळं, आणि वहीत लिहा. आईंनी किती घेतलं तेही लिहा. ते आकडे, गोठ्यापासून विहिरीचं अंतर आणि उतार कुठल्या बाजूला आहे एवढं कळवा. मग दोनचा की एकचा, ते सांगतो.